व्याह्यांशी झालेल्या मारामारीमुळे चढलेल्या रक्तदाबाचा खुलासा

प्रति,
मा. मुख्य वैद्यकीय तपासणी अधिकारी,
कामगार आरोग्य कार्यालय,
दुसरा मजला, खोली क्र. ९

अर्जदार : क्रेनचालक (सध्या फाटकावर), ओतशाळा क्र. २, बिल्ला क्र. ४१७

विषय : चोवीस तासांच्या रक्तदाब-नोंदवहीतील कोऱ्या रकान्याचा खुलासा, व मला क्रेनवर पूर्ववत घेण्याबाबत.

संदर्भ : आपले या महिन्याच्या चार तारखेचे पत्र.

महोदय,

१. खालील मजकुरावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, हे मी आधीच छातीठोकपणे सांगून ठेवतो. माझाही बसला नसता. पण जे घडले ते अंगावर घडले आहे आणि त्याचे वळ अजून मोजता येतील, म्हणून नम्रपणे सादर करतो.

२. मी ओतशाळेत एकतीस वर्षे छताखालची क्रेन चालवली. वितळलेल्या लोखंडाची बादली भट्टीपासून साच्यापर्यंत नेणे हे माझे काम. बादलीत चार टन रस आणि खाली सोळा माणसे. एकतीस वर्षांत थेंब सांडला नाही. गेल्या वार्षिक तपासणीत आपल्या कार्यालयात माझा दाब १९२/१०८ भरला आणि त्याच दुपारी मला खाली उतरवून फाटकावर बसवण्यात आले. आता मी आल्यागेल्याची नावे वहीत लिहितो. निवृत्तीला चौदा महिने राहिले आहेत. ते वर काढावेत की फाटकावर, एवढाच प्रश्न आहे. माझ्या जागी बसवलेला बदली माणूस बादली हिसका देऊन उचलतो आणि खालचे सोळाजण माना वर करून चालतात, हे मी फाटकातून पाहतो आणि माझेच हात शिवशिवतात.

३. परिचारिकाबाईंनी दिलेली माहितीपुस्तिका मी तीनदा वाचली आहे. तीत स्पष्ट छापले आहे की, दवाखान्यातल्या एका आकड्यावर निदान करू नये. पांढरा कोट पाहूनच कित्येकांचा दाब चढतो. म्हणून दंडाला पट्टी बांधून चोवीस तास, दिवसा दर अर्ध्या तासाने आणि रात्री दर तासाने, आकडे घ्यावेत. त्याप्रमाणे माझ्या डाव्या दंडाला पट्टी बांधली, कमरेला यंत्र लावले. एकूण एकोणचाळीस आकडे आले. सरासरी १८१/१०६. सर्वांत कमी १६८. प्रत्येक आकड्यासमोर "त्या वेळी काय करत होता" असा रकाना आहे आणि तो मी कोरा दिला, हा आपला आक्षेप. महोदय, रकाना कोरा राहिला, कारण पेन पहिल्या तासातच व्याह्यांच्या मांडीत मोडले. तोच रकाना आता या अर्जाद्वारे भरून देत आहे.

४. सकाळी साडेनऊ, १७६/१०२. पट्टी बांधून परतताना मी मुलीच्या सासरी डोकावलो. माझे व्याही म्हणजे मुलीचे सासरे, तीस वर्षे दवाखान्यात कंपाउंडर. माझ्या कमरेचे यंत्र पाहून ते खुर्चीतच लोळून हसले. "हे खेळणं काय सांगणार व्याहीबुवा? प्रेशर सांगावं ते पाऱ्यानं!" असे म्हणून त्यांनी कपाटावरून आपले जुने पाऱ्याचे यंत्र काढले आणि माझा उजवा हात नुसता लोंबता ठेवून मोजायला सुरुवात केली. मी पुस्तिकेचा आधार देऊन निदर्शनास आणले की, दंड हृदयाच्या पातळीत, आधारावर हवा. मांडीवर ठेवला तर चारेक अंक, लोंबता सोडला तर सहा-सात अंक जास्त येतात, असे अलीकडच्या संशोधनात दिसले आहे. यावर ते म्हणाले, "मी हजारो दंड आवळलेत, तुम्ही मला दंड शिकवता?" मी म्हणालो, तुम्ही हजारो माणसांना खोट्या आकड्याने घाबरवलेत. हे माझे चुकले, असे मी आजही म्हणणार नाही.

५. दहा, १८८/१०८. व्याह्यांचा मान राखावा म्हणून पहिला ठोसा त्यांनाच मारू दिला. तो माझ्या नाकावर बसला. त्यानंतर मानपान संपला. मी पाऱ्याचे यंत्र त्यांच्या टाळूवर फोडले. पारा फरशीभर गोळ्या होऊन पळाला, त्यावरून आम्ही दोघेही घसरलो आणि ते माझ्यावर पडले. पेन मोडले ते याच वेळी. त्यांनी हातात औषध कुटायचा लोखंडी बत्ता घेतला. मी खुर्चीचा पाय उपटला. तोंडाने मात्र दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत "व्याहीबुवा" आणि "तुम्ही" हेच चालू होते, कारण मुलीचे घर आहे.

६. साडेदहा, १९०/११०. या नोंदीकडे आपले विशेष लक्ष वेधतो. बत्ता माझ्या कपाळापासून वीतभर वर असताना दंडावरची पट्टी फुगू लागली. मी ओरडलो, "थांबा व्याहीबुवा, हात हलवायचा नाही, बोलायचं नाही!" आणि महोदय, ते थांबले. तीस वर्षांची नोकरी रक्तात भिनलेली. बत्ता तसाच वर धरून त्यांनी दुसऱ्या हाताने मला खुर्चीत बसवले, पाठ टेकवली, पायाची अढी सोडवून तळवे जमिनीला लावले, कोपराखाली उशी दिली. माझ्या नाकातून रक्त गळत होते ते त्यांनीच आपल्या बाहीने टिपले. यंत्राने टुंई केले. आकडा पाहून ते म्हणाले, "बघा, पाऱ्यानं हेच सांगितलं असतं." आणि बत्ता माझ्या गळपट्टीच्या हाडावर आणला. हाड मोडल्याचा आवाज मला यंत्राच्या आवाजापेक्षा स्पष्ट आला.

७. अकरा ते दीड, सहा आकडे, १८२ ते १९६. ही सर्व लढाई गल्लीत झाली. मी व्याह्यांना खिडकीतून गजांसकट बाहेर काढले. त्यांनी मला न्हाव्याच्या दुकानात ढकलले, आरसा माझ्या पाठीने फुटला. मी वस्तऱ्याने त्यांची डावी मिशी साफ केली, सोबत थोडा ओठही गेला. त्यांनी माझ्या उजव्या हाताची दोन बोटे दाराच्या फटीत घालून दार लावले. पण दर अर्ध्या तासाने पट्टी फुगली की युद्ध बंद. एक-दोन वेळांतच साऱ्या गल्लीला शिस्त लागली. शिंपी काकू ओरडायच्या, "शूऽऽ! प्रेशर घेतंय!" की भांडी घासणारीचा हात थांबे, सायकलवाला एक पाय टेकून उभा राही. एका कुत्र्याने माझी पोटरी तोंडात धरली होती. त्यानेही टुंई होईपर्यंत दात नुसते टेकवून ठेवले. टुंई झाल्यावर चावला. त्याची खूण दाखवण्यास मी तयार आहे. जुनी दिसली तर कातडीचा दोष समजावा.

८. दुपारी दोन ते चार, आकडे १८४ ते १९२. लढत लढत आम्ही ओतशाळेत आलो. फाटकावर त्या वेळी मी नसल्याने आम्हाला कोणी अडवले नाही. व्याही शिडीने क्रेनवर चढले, मी पाठोपाठ. त्यांना समजेना की मनुष्य इतक्या उंचीवर तोल कसा सांभाळतो. मला मात्र घरी आल्यासारखे वाटले. बदली माणूस आम्हाला पाहून दुसऱ्या शिडीने पळाला. बादली भरलेली, साखळीला लटकलेली, खाली सोळा माणसे. मी एका हाताने व्याह्यांची कॉलर धरून त्यांना रसाच्या वर अधांतरी धरले. त्यांच्या चपलांचे तळ धूर काढू लागले. दुसऱ्या हाताने, ज्याची दोन बोटे मोडलेली होती, मी बादली साच्यापर्यंत नेली. थेंब सांडला नाही. खालच्यांनी मान वर केली नाही, कारण बदली माणसाच्या हातून बादली हलते तशी हलली नाही, म्हणून वर कोण आहे ते त्यांना न पाहता कळले. व्याही रसावरून ओरडत होते, "व्याहीबुवा, पुरे, दंड कसा ठेवायचा ते तुमचंच खरं!" तरी साडेतीनच्या आकड्यासाठी मी त्यांना शांतपणे जवळ घेतले, त्यांनी माझा दंड हृदयाच्या पातळीत धरला, आणि १९२ चा आकडा घेऊन मगच आम्ही एकमेकांचे गळे पुन्हा धरले. यावरून माझी कार्यक्षमता सिद्ध होते, असे नम्र निवेदन आहे.

९. रात्रीच्या आकड्यांबाबत. पुस्तिका सांगते की झोपेत दाब दहाएक टक्क्यांनी तरी उतरला पाहिजे, आणि जो उतरत नाही त्याला धोका अधिक. माझे रात्रीचे आकडे १६८ ते १७४. याचे कारण सोपे आहे. संध्याकाळी आम्ही दोघे त्यांच्या ओसरीत आडवे झालो तेव्हा त्यांचे दात माझ्या खांद्यात होते आणि माझी मूठ त्यांच्या केसांत. आधी कोणी सोडायचे यावर एकमत झाले नाही. तसेच झोपलो. झोपेतही सोडले नाही. असा मनुष्य १६८ वर आला हेच पुष्कळ समजावे.

१०. वरील कारणांमुळे विनंती की :

एकोणचाळीसच्या एकोणचाळीस आकडे मारामारीच्या काळातील म्हणून रद्द धरावेत. मारामारीत दाब चढणे हा आजार नसून मर्दपणा आहे.

मूत्रपिंडावरची कसलीशी ग्रंथी दाब वाढवते आहे का, हे पाहण्यासाठी सुचवलेली रक्ततपासणी मला माफ करावी. दोष ग्रंथीचा नसून व्याह्यांचा आहे.

तीन औषधे थोड्याथोड्या प्रमाणात एकाच गोळीत घालून सुरुवातीपासूनच द्यावीत, असे नवे शास्त्र आहे म्हणतात. ती गोळी मी घेणार नाही. तिघांनी मिळून एकाला मारणे मला पटत नाही.

आणि येत्या सोमवारपासून मला क्रेनवर बसू द्यावे. बाकी सर्व नामंजूर केले तरी चालेल.

११. आपल्या पत्रातील शेवटच्या ओळीप्रमाणे खुलाशावर घरातील एका प्रौढ व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. त्यासाठी हा मजकूर मी आज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून कुटुंबाला मोठ्याने वाचून दाखवला. कुत्र्याला ती हसली. क्रेनच्या परिच्छेदाला तिने भांडी पुसणे थांबवले नाही, पण हळू केले. रात्रीच्या आकड्यांपाशी तिने हातातले भांडे खाली ठेवले. सही करायला तिची अट एकच आहे : ती जे बोलली ते एक शब्दही इकडचा तिकडे न करता अर्जात घालायचे. सहीवाचून अर्ज दाखल होत नाही, म्हणून घालतो.

"साहेब, हे साफ खोटं आहे. ह्यांनी त्या दिवशी खाट सोडली नाही. आकडा कमी यावा म्हणून रजा टाकून चोवीस तास उताणे पडून होते. रेडिओ लावू दिला नाही, कुणाला दार वाजवू दिलं नाही, पाणीसुद्धा मी चमच्यानं पाजलं. वहीत काय लिहिणार? पडून होतो, पडून होतो, पडून होतो? म्हणून कोरी ठेवली. आणि व्याह्यांशी कसली मारामारी करताय? व्याही जाऊन दोन वर्षं झाली. डोक्यातली शीर फुटली त्यांच्या, आंघोळीला गेले ते बाहेर आलेच नाहीत. जन्मभर दुसऱ्यांचे दंड आवळले, स्वतःचा एकदा आवळला नाही. त्यांना उचलायला हेच गेले होते साहेब, चौघांत पहिले. त्या रात्री ते यंत्र दर तासाला घुंई करायचं आणि मी कंदील घेऊन बघायचे. हे गाढ झोपलेले, तोंड उघडं, हात ढिला, आणि आकडा एकशे बहात्तर. तेव्हा कुणाशी मारामारी चालली होती, विचारा ह्यांना. ती तपासणी करा, ती तिघांची गोळी द्या, मी घशात घालीन. क्रेन देऊ नका."



आपल्या निर्णयास बांधील,
आपला नम्र,
(सही)
फाटकवाला, बिल्ला क्र. ४१७

साक्षीदार :
(सही) अर्जदाराचे कुटुंब

दिनांक : ९