आधी बाटली खाली ठेवा

मिनिअ‍ॅपोलिस,
१४ नोव्हेंबर २०१७, मंगळवार

प्रिय सिग्ने,

माझं अक्षर ओळखलंस तर पाकीट न फोडताच ठेवून देशील अशी भीती वाटली, म्हणून वरचा पत्ता खालच्या मजल्यावरच्या कोसकीबाईंकडून लिहून घेतला. एवढी फसवणूक पोटात घाल. आतलं अक्षर वाईट आहे, ते घाईमुळे नाही. घाई मला आता कशाचीच होत नाही.

इकडे तसं वाईट नाही. पहिला बर्फ पडून वितळला, दुसरा टिकेल असं दिसतंय. चर्चच्या तळघरातलं माशांचं जेवण गेल्या शनिवारी झालं. तो थुलथुलीत मासा अजून तसाच वास मारतो आणि लोक अजून नाक मुरडत दुसऱ्यांदा वाढून घेतात. तिथे आपली आतेबहीण आर्डिस भेटली. तुझ्या डेलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तो आता काठीशिवाय फिरतो, असं म्हणाली. बरं वाटलं. आणि म्हणाली, की तुझ्या ब्रिताचं लग्न ठरलंय, जूनमध्ये. मुलगा चांगला आहे, तळ्यावर बोटी दुरुस्त करतो, दोघांना मुलांची फार हौस आहे.

मी आर्डिसला म्हटलं, "वा, छान." आणि ताटलीतलं न खाताच घरी आलो. त्यानंतर आज हे तिसरं पत्र. पहिली दोन फाडली.

'मागच्या रांगेतले' या आमच्या कार्यक्रमाबद्दल तुला काही वाचायचं नसणार, पण त्याच्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. आम्ही तिघं, म्हणजे मर्ल, केंट आणि मी, बंद पडलेल्या थेटरातल्या शेवटच्या रांगेत बसलेले तीन रिकामटेकडे व्हायचो. जुना, भिकार सिनेमा लावायचा आणि त्याच्यावर बोलत सुटायचं. एवढाच कार्यक्रम. शहरातल्या एका छोट्या वाहिनीवर रविवारी दुपारी लागायचा. लोक तो टेपवर उतरवून गावोगाव पाठवायचे. वाहिनी बंद पडून वीस वर्षं झाली, तरी ते लोक अजून जमतात. वर्षातून एकदा, इथल्याच एका हॉटेलात. आता त्यांची मुलंसुद्धा येतात.

बाबांचा सिनेमा आपल्या घराच्या तळघरातून मी नेला, हे तुला माहीत आहे. 'कोठारातला पाहुणा'. नॉर्डविकमधल्या निम्म्या गावाला घेऊन बाबांनी दोन उन्हाळे खपून केला होता तो. दुधाच्या कॅनचं डोकं लावलेला परग्रहावरचा माणूस धान्याच्या कोठारात लपतो आणि शेतकऱ्याच्या बायकोला पहिल्यांदा दिसतो. बायको म्हणजे आई. तिच्या कडेवरची पोर म्हणजे तू, चार वर्षांची. मी दहाचा होतो, दिवा धरायला. "प्रत काढून घेतो, जपून राहील," असं मी बाबांना थँक्सगिव्हिंगच्या सणाला म्हटलं, आणि त्यांनी स्वतः रिळांचे डबे माझ्या गाडीत ठेवले, वर घोंगडं गुंडाळून.

त्या दृश्यात आई अंगणातून चालत येते. पाय कुठल्या कुठे पडतात, खांदा मध्येच उडतो, हात हवेत काहीतरी पुसल्यासारखा फिरतो. मग ती तुला उचलते आणि तू जवळजवळ निसटतेस. तिथे मी म्हणालो, "बाई, आधी बाटली खाली ठेवा, मग पोर उचला!"

सिग्ने, इतकी वर्षं मी हाच कार्यक्रम करून जगलो, आणि त्यातलं लोकांना आठवतं ते हेच एक वाक्य. ते सदऱ्यांवर छापलेलं असतं. त्या मेळाव्यात शेवटी सगळे उठून आईची चाल चालतात, तीनतीनशे माणसं, खांदे उडवत, आणि एका सुरात ओरडतात, "आधी बाटली!" मी व्यासपीठावर उभा राहून त्यांना सुरुवात करून द्यायचो. दर वर्षी. ती माझी आई आहे हे त्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं. मर्लला आणि केंटलाही नाही. मी कधी सांगितलंच नाही.

या मार्चमधल्या मेळाव्यात माझं नाव पुकारलं. मी पडद्याआडून निघालो. माईकपर्यंत आठदहा पावलं असतील. चार टाकली आणि अख्खा हॉल उठून उभा राहिला. शिट्ट्या, टाळ्या. "आधी बाटली! आधी बाटली!" मला कळेना, आज आधीच का सुरू झाले. मी थांबलो, पण हात थांबला नाही.

मर्ल पुढे येऊन कानात म्हणाला, "काय जमवलंयस रे, थेरड्या! हुबेहूब तीच!"

"मर्ल, मी काही करत नाहीये."

तो खदाखदा हसला. मग त्याने माझ्या हाताकडे पाहिलं, धरून पाहिला, आणि हसायचा थांबला. लोक ओरडतच होते. मी फक्त चालत होतो गं.

त्याआधी वर्षभर हातातून कप पडत होते. किराणा दुकानातल्या पोरीने एकदा मला सकाळी दहाला विचारलं होतं, "काका, घरी सोडायला कुणाला बोलावू का?" मी तिच्यावर डाफरलो. मी दारूच्या थेंबाला शिवत नाही, हे तिला कसं कळणार?

मे महिन्यात डॉक्टर अब्दींकडे गेलो. शांत बाई आहेत, डोळ्यांत बघून बोलतात. त्यांनी चालून दाखवायला सांगितलं, बोटं नाकाला लावायला सांगितली, रक्त घेतलं. मग विचारलं, "घरात कुणाला असं होतं?"

मी म्हटलं, "आईला."

"तिला काय झालं होतं, माहीत आहे?"

"हंटिंग्टनचा आजार," मी म्हटलं. त्या लिहायच्या थांबल्या. पेशंट स्वतःच्या तोंडाने हे नाव सांगतो, असं फारसं होत नसावं.

"म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं. कधीपासून?"

सिग्ने, हेच ते. हेच मी दोन पत्रांत लिहू शकलो नाही.

एक्क्याण्णव साली, बाबांच्या सिनेमाचा कार्यक्रम लागायच्या आधीच्या मंगळवारी बाबांचा फोन आला होता. आमच्या लिहिण्याच्या खोलीत. बाबा रविवारशिवाय लांबचा फोन करायचे नाहीत, आणि ऑफिसात तर कधीच नाही. मागे केंट आणि मर्ल कशावर तरी हसून लोळत होते. मी एक कान बोटाने बंद केला.

"लोवेल, कामात आहेस का?"

"थोडासा. बोला ना."

"रविवारी आमचा सिनेमा लावताय, असं ऐकलं."

"हो. मजा येणार आहे, बाबा. सगळं गाव बघेल."

"बघू दे. त्या कॅनवर हसा, माझ्यावर हसा, ते सगळं हसण्यासारखंच आहे. पण आई अंगणातून येते ना, तेवढं वगळ. ती प्यायलेली नव्हती रे. ते सुरू झालं होतं तिला."

"काय सुरू झालं होतं?"

तेव्हा त्यांनी नाव सांगितलं. दोनदा सांगितलं, अक्षरं सुटी करून. राज्याच्या इस्पितळात ती गेली, ती 'मज्जातंतूंच्या थकव्याने' नाही, न्यूमोनियानेही नाही. "रक्तातून येतं ते, पोरा. तिच्या बापालाही होतं. तुम्हा दोघांना सांगायचं म्हणून मी वीस वर्षं शब्द जुळवतोय. देणं पुढे ढकलत राहणाऱ्या दिवाळखोरासारखा झालोय मी त्या बाबतीत. तू मोठा आहेस. सिग्नेला कसं सांगायचं ते आपण मिळून बघू. पण आधी तेवढं दृश्य काढ."

मी म्हटलं, "बाबा, फार उशीर झाला. सगळं कापून, जोडून तयार आहे. आता हात लावता येत नाही."

"येत नाही?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले. "मग राहू दे."

कापाकापी खरं तर गुरुवारी होती. मर्लकडे एक शब्द टाकला असता तर ते दीड मिनिट गेलं असतं, कुणी कारणही विचारलं नसतं. पण ते आमचं त्या आठवड्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य होतं, आणि ते माझं होतं. तीन आठवडे माझं काहीच जमत नव्हतं, केंट टोमणे मारत होता. फोन ठेवल्यावर मी स्वतःला सांगितलं, म्हातारा सिनेमा वाचवायला काहीही रचतोय.

रविवारी गावच्या कॅफेत काय झालं, ते तूच मला लिहिलं होतंस. सगळे बशीत अ‍ॅपल पाय घेऊन टीव्हीसमोर जमले होते, बाबा मधल्या खुर्चीवर, नवा सदरा घालून. सुरुवातीला सगळे हसले, बाबाही हसले. मग आई आली. कुणी हसेना. कॅफेवाली बंद करायला उठली, तेव्हा बाबा म्हणाले, "राहू दे चालू. पोरगं मेहनतीने करतं."

त्याच पत्रात तू एकच प्रश्न विचारला होतास. मला ते काढता आलं असतं का? मी उलट टपाली लिहिलं, नाही. हात बांधलेले होते.

आणि तिथेच मी अडकलो, सिग्ने. तुला आजाराचं सांगायचं, तर ते मला कुणी आणि कधी सांगितलं, हे सांगावं लागणार. म्हणजे तो फोन सांगावा लागणार. बाबांनी पुन्हा विषय काढला नाही. त्यांना वाटलं असेल, मी तुला सांगितलं. मला वाटत राहिलं, ते सांगतील. ते चौऱ्याण्णवमध्ये गेले तेव्हा ब्रिता एक वर्षाची होती. तुझ्या खांद्यावर झोपली होती, दफनाच्या वेळी. तू माझ्याशी बोलली नाहीस आणि मला, देवाशपथ, सुटल्यासारखं वाटलं. बोललीस तर सांगावं लागेल ना!

तू तिला पोटात धरायच्या आधी मला ते नाव माहीत होतं. याच्यापुढे त्या वाक्याचं काहीच नाही.

तर आता जे मला नीट माहीत आहे, ते लिहितो. आईकडून मुलाला येण्याची शक्यता निम्मी असते. मला आलंय, याचा अर्थ तुला येईलच किंवा येणार नाहीच, असा नाही. तुझा हिशेब स्वतंत्र. तुला नसेल, तर ब्रिताला नाही, विषय तिथेच संपला. रक्ताची साधी तपासणी असते. औषध नाही. काही लोक मुद्दाम तपासत नाहीत, आणि डॉक्टर म्हणतात तेही बरोबरच आहे. पण मुलं हवी असतील त्यांना आधी कळलं तर वेगळे मार्ग असतात, आता असतात. डॉक्टर अब्दींचा नंबर वेगळ्या कागदावर कोसकीबाईंच्या अक्षरात आहे, म्हणजे आकडा चुकायला नको. त्यांना मी एवढंच सांगितलंय, की कदाचित एक बहीण फोन करेल.

सिनेमाचे डबे वाहिनी बंद झाली तेव्हा कचऱ्यात गेले. उरली आहे ती आमच्या कार्यक्रमाची टेप. तुला उचलताना आई तुझ्या कानाशी काहीतरी बोलते. तो लिहिलेला संवाद नव्हता, ती तिच्या मनाने बोलली. मी कानाला यंत्र लावून शंभरदा ऐकलं. तिथे माझाच आवाज आहे. त्याखालचं काही केल्या येत नाही. दिवा धरून मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, मला ऐकू आलं असणार. आठवत नाही.

माझं काय होईल याची काळजी नको. मर्ल रोज येतो, सूप आणतो, आता त्याला सगळं माहीत आहे. पहिले दोन दिवस आला नव्हता. तिसऱ्या दिवशी आला आणि नुसता बसून राहिला. मेळाव्याच्या लोकांना त्याने कळवलंय, की ते दृश्य पुन्हा करायचं नाही. काही लोक चिडलेत.

मला उत्तर नको. क्षमा तर मागतच नाही, तेवढी लाज शिल्लक आहे. ब्रिताला सांगायचं की नाही, कधी आणि कुठल्या शब्दांत, हे तू ठरव. तुमच्या दोघींच्या वतीने मी एकदा ठरवून टाकलं होतं, आणि सव्वीस वर्षं रोज सकाळी उठून तेच पुन्हा ठरवत राहिलो.

आज नाही ठरवलं.

लोवेल