गरम खुर्ची

३ फेब्रुवारी
पोहोचलो एकदाचे! पर्थपासून साडेसहा तास गाडी हाणली. वाटेत दोन कांगारू आडवे आले, दोघेही वाचले. कूलिबार म्हणजे एक पंप, एक पब, एक शाळा आणि मिठाचं वाळकं तळं. ब्रॉनीने तळं बघून विचारलं, आई, यात पाणी कधी घालणार? सात वर्षांची आहे, पण जीभ माझ्यावर गेली आहे.

घर झकास आहे. एसी चालतो, नळाला पाणी आहे, आणखी काय पाहिजे? अकरा वर्षं सोन्याच्या खाणीत दोनशे टनी डंपर चालवला. दोन आठवडे खाणीत, एक आठवडा घरी. ब्रॉनीचा बाप केव्हाच पसार, पोर वाढली माझ्या बहिणीकडे. तिने टाकलेलं पहिलं पाऊलसुद्धा मी फोनवर ऐकलं. आता या नव्या नोकरीत रोज दुपारी दोनला सुट्टी, शाळेतून पोर मीच आणणार. त्यासाठी कानामागे कवटीत बटणाएवढी चकती बसवायची, असं कंपनीवाले म्हणाले. म्हटलं, बसवा, हव्या तर दोन बसवा.

कंपनीच्या डॉक्टरीणबाई, हॅलिना, यांचा हुकूम आहे की रोजनिशी हाताने लिहायची. डोकं ताळ्यावर राहतं म्हणे. बघू.

७ फेब्रुवारी
आज पहिल्यांदा चंद्रावर गेले. म्हणजे मी खुर्चीतच होते. चकतीला वायर जोडली आणि मला सहा पाय फुटले! तिथे आमचं खोदकाम करणारं यंत्र आहे. सगळे त्याला मेव्हिस म्हणतात. ना दांडा, ना पेडल. नुसतं मनात आणायचं, चल, की सव्वा सेकंदाने मेव्हिस चालते. आठवड्यातून दोनदा मालाचं यानही मनानेच उतरवायचं. त्याचं इंजिन पेटलं की पोटात गरम चहा गेल्यासारखं वाटतं. जीव अगदी हरखून गेला.

माझ्या जेवणाच्या सुट्टीत तासभर, आणि मग दोन वाजता, माझी खुर्ची वॉरिक घेतो. चाळिशीचा, मेंढरांच्या फार्मवर वाढलेला, एकटा. तोंडातून शब्द काढायला त्याला कोण कष्ट पडतात! मी म्हटलं, अरे, तुझ्यापेक्षा तुझा कुत्रा जास्त बोलतो. तो खरंच थोडा विचार करून म्हणाला की हो, पण कुत्रा खोटं फार बोलतो. माणूस बरा आहे.

नियम एकच आहे. एकाने वायर काढली की मेव्हिस वीस मिनिटं कोणाशीही न जोडता ठेवायची. आधीच्या माणसाचं त्यात काही उरलं असेल ते रिकामं होतं म्हणे.

१२ फेब्रुवारी
ती वीस मिनिटं माझ्या डोक्यात जातात. खाणीत आम्ही गरम खुर्चीची पद्धत पाळायचो. इंजिन चालू ठेवून एक उतरला की दुसरा चढला, खुर्ची गार होऊ द्यायची नाही. यंत्र उभं राहिलं तर आमच्या जिवाला लागायचं. इथे तर चंद्रावरचं यंत्र उभं!

शेवटी आज वॉरिकला पटवलं. हॅलिनाबाई आपली सालटी काढतील, असं तो म्हणत होता. मी म्हटलं, बाईंनी जन्मात डंपर चालवलाय का? मी वायर काढली, त्याने लावली, अकरा सेकंद. सुपरवायझर खिडकीबाहेर बघत राहिला. टनाचा आकडा वाढल्यावर कोण ओरडणार आहे?

२० फेब्रुवारी
आता चार सेकंदांत अदलाबदल होते. भिंतीवर खडूने रोजचा विक्रम लिहितो आणि हरणारा सॉसेज रोल आणतो.

एक गंमत. व्हिनेगरमधल्या कांद्यांची मला शिसारी होती. काल अख्खी बरणी रिकामी केली. वॉरिकला सांगितलं तर तो पोट धरून हसला, कांदे त्याचे आवडते. मग लाजत म्हणाला की त्याला चार दिवस वाटतंय, झोपण्याआधी वॉशिंग मशीन लावावं. आता माझी हसायची पाळी. ब्रॉनी तान्ही होती तेव्हा चालू वॉशिंग मशीनवर तिची टोपली ठेवली तरच झोपायची. मी म्हटलं, गड्या, आपले डबे बदलले वाटतं.

२ मार्च
आज काहीतरी विचित्र झालं. घरात मशीनमध्ये कपडे फिरत होते, तर ब्रॉनी म्हणाली की आई, मी त्याच्यावर कशी झोपायचे ते सांग ना. मी विचारलं, कशावर? तिला वाटलं मी चिडवतेय. आधी हसली, मग रडायला लागली. बहिणीला फोन लावला. तिने स्पीकरवर सगळं सांगितलं, टोपली, मशीन, सगळं.

मग ही वही चाळली. वीस तारखेला मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात. वाचलं. शेजारणीने तिच्या पोरीचं कौतुक सांगावं तसं वाटलं. पुन्हा वाचलं, तरी तसंच.

५ मार्च
आज दोघांनाही सुट्टी. पबसमोर वॉरिकचा कुत्रा गाडीतून उडी मारून माझ्या अंगावर आला. तोंड चाटतो, कुई कुई करतो, हलेना. मी म्हटलं, टायर, खाली बस. बसला. त्याचं नाव मला कोणी सांगितलं नव्हतं.

वॉरिक पबच्या दारात उभा होता. त्याने विचारलं की हे कोणाचं कुत्रं आहे. मी म्हटलं, चेष्टा पुरे. तो चेष्टा करत नव्हता.

९ मार्च
हॅलिनाबाईंकडे आम्ही दोघं गेलो. सगळं कबूल केलं. बाईंनी मला अशा शिव्या दिल्या की खाणीतही ऐकल्या नव्हत्या. मग खाली बसल्या आणि हळू बोलल्या. मेव्हिसमध्ये उरलेलं पुढच्याच्या डोक्यात शिरतं. आणि जे शिरतं ते आधीच्याकडे राहत नाही. हळूहळू जातं.

परत आणता येईल का, विचारलं. माहीत नाही म्हणाल्या. पुन्हा जोडलं तर दोघांचंही पुसलं जाईल. मेव्हिस बंद केली. पण गेलेल्याला लागून जे आहे तेही सुटत राहील, स्वेटरचा धागा ओढल्यावर सुटतो तसं. किती, ते त्यांनाही सांगता येईना.

मीच पटवलं होतं त्याला. मीच. अकरा सेकंद, म्हणे! टाळ्या वाजवून घेतल्या!

१३ मार्च
शाळेतून फोन आला. वॉरिक ब्रॉनीला न्यायला आला होता. धावत गेले. त्याच्या हातात तिची पाण्याची बाटली, कडा काढून त्रिकोणी कापलेलं सँडविच. पोर आवडीने खात होती. मी रोज कडांसकट देतेय, आणि ती रोज परत आणतेय. आता कळलं का ते.

नाही नाही ते बोलले त्याला. भर रस्त्यात, शिक्षिकांसमोर. तो उभा राहून रडला. म्हणाला, ग्लेनिस, ती माझी नाही हे मला कळतं गं, पण तीन वाजले की पाय आपोआप निघतात, काय करू? त्याच्या आईचा फोन आला होता म्हणे, त्याने राँग नंबर म्हणून ठेवला.

मला त्याची दया आली. त्याहून जास्त राग आला. ब्रॉनी घरी येताना मागे वळून बघत होती.

१५ मार्च
ब्रॉनी कुठे जन्मली? पोटावर टाक्यांची खूण आहे. हात फिरवला. काही नाही.

मेंढरं आठवतात. लोकर कातरण्याची शेड. बापाचा पट्टा. माझा बाप तर — माझा बाप पोस्टमन होता. होता ना?

१६ मार्च
ब्रॉनी जेवली नाही. मी काय चुकतेय कळत नाही, सगळंच चुकतंय. झोपायला जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, तू आईसारखी दिसतेस.

सारखी.

१७ मार्च, सकाळ
बिछाना रिकामा. दप्तर नाही. वॉरिकची गाडी नाही. दाराशी त्याचा कुत्रा, टायर, बसलाय. माझी वाट बघत —

१७ मार्च, पोलीस चौकी
सापडले. हायवेवरच्या पंपावर, आइसक्रीम खाताना. पोर तीच त्याच्या गाडीत जाऊन बसली होती. सार्जंट भला माणूस आहे. पोरीची कागदपत्रं माझ्या नावावर आहेत, त्याला माहीत आहे. पण पोर माझ्याबरोबर येत नाही. खुर्चीचा पाय घट्ट धरून बसली आहे. किंचाळते.

त्याने आम्हा दोघांना कागद दिले. म्हणाला, पोरीबद्दल आईला माहीत असेल ते लिहा, मी वाचून दाखवतो, तिला तुमची खूण पटेल, ओढत नेण्यापेक्षा ते बरं.

वॉशिंग मशीनचं लिहिलं. सार्जंटने वाचून दाखवलं. पोर म्हणाली की ते तर मावशीने हिला फोनवर सांगितलं.

काचेपलीकडे, पोरीशेजारी, वॉरिक पाचवा कागद लिहितोय. डोळे पुसतोय आणि लिहितोय. माझा दुसरा अजून कोरा. म्हणून वहीत लिहितेय, हात चालू राहिला तर कदाचित —

जीव तुटतोय तिच्यासाठी. तेवढं गेलेलं नाही. देवा, तेच का ठेवलंस? कशासाठी तुटतोय ते तरी —

सार्जंट आला. कागद मागतोय. दोन मिनिटं, म्हटलं. फक्त दोन.

ती बघतेय माझ्याकडे. रडणं थांबवलंय. तिलाही हवंय मी लिहावं. ओठ हलवतेय, मला सांगायला बघतेय, काचेतून ऐकू येत नाही. एक गोष्ट पुरेल. एकच. आवडतं काय, घाबरते कशाला, झोपेत काय बोलते, काहीही —

माझ्या ब्रॉनीला आवडतं —