मॅडम ओंग यांच्या नावाची लाइन

२८ जुलै, रविवार
निर्णय झाला. घरची ब्रॉडबँड लाइन बदलणार.
पर्थहून बी-लेंगचा व्हिडिओ कॉल आला होता. लेकीचा चेहरा तीनदा गोठला, एकदा तर तोंड उघडं असताना. म्हणाली, बाबा, आपल्या अख्ख्या जेलुतोंग भागात ही कासवछाप लाइन तुमच्याकडेच उरली असेल. नवी कंपनी महिना ८९ रिंगिटमध्ये पाचपट वेग देते आणि तुम्ही १३९ भरत बसलाय. आईच्या नावाचं ते खातं करा की एकदाचं बंद.
मी म्हटलं, आयुष्यभर शाळेत गणित आणि कविता शिकवल्या, मला तुलना शिकवू नकोस.
नावाचा मुद्दा गौण आहे. बिल मॅडम ओंग सॉ-इम यांना, म्हणजे माझ्या बायकोला येतं, इतकंच. ती गेल्याचं कंपनीला कळवायचं राहून गेलंय. दोन वर्षं झाली. कामं असतात माणसाला.

३० जुलै
तुलना पूर्ण. नवी कंपनी ८९. भिंतीला भोक पाडणे, २०. त्या भोकामुळे पालीला मनस्ताप, १० (पाल वयस्क आहे). नवा पासवर्ड पाठ करण्याचे कष्ट, १५. तक्रार करायला फोन लावल्यावर त्यांचं गाणं ऐकणे, १०. एकूण १४४.
जुनी, १३९.
गणित स्वच्छ आहे. पण शब्द म्हणजे शब्द. परवा जाऊन खातं बंद करणार.

१ ऑगस्ट
छत्री घेऊन निघालो. कोपऱ्यापर्यंत पोहोचलो तोच फोनवर जुन्या कंपनीचा संदेश: प्रिय मॅडम ओंग, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!
बी-लेंगच्याही लक्षात नव्हतं. कंपनीच्या होतं.
वाढदिवशी कुणाचं खातं बंद करणं हा असभ्यपणा. कॉफी पिऊन परत आलो.

४ ऑगस्ट
चिनी पंचांगाचा सातवा महिना लागला. आजपासून गेलेल्यांना महिनाभर सुट्टी, सगळे खाली फिरायला. या महिन्यात कुणी लग्न करत नाही, घर घेत नाही, करारावर सही तर नाहीच नाही. मी अंधश्रद्ध नाही, पण सही ही सही असते.
ऑफर ३१ ऑगस्टला संपते, महिना २ सप्टेंबरला. दैवच आडवं आलं तर मी काय करणार.

९ ऑगस्ट, दुपारी तीन
मोडेमचा हिरवा दिवा भराभर लुकलुकतोय. माझा फोन बंद. घरात मी एकटा. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही.
तीन ही सॉ-इमची मालिकेची वेळ.
दोन ओळी सुचल्या:
हिरवा दिवा हा लुकलुके भिंतीवरी,
मालकीण गेली, नाव तेवढे घरी.
दुसरी ओळ नंतर सुधारू.

१३ ऑगस्ट
आजही तीनला. खुर्ची मोडेमजवळ ओढून बसलो. तासाभरानं दिवा शांत झाला. मधे एकदा मी आवाज कमी कर म्हणालो. सवय, दुसरं काही नाही.

१७ ऑगस्ट
पितरांचं जेवण मांडलं. त्याआधी, गेलेल्यांना पोचाव्यात म्हणून जाळायच्या कागदी वस्तू आणायला बून-हाटच्या दुकानात गेलो. कागदी गाड्या, कागदी फोन, आणि यंदा कागदी मोडेम, दोन शिंगांसकट! विचारलं, याचं महिन्याचं भाडं किती? म्हणाला, सर, वर एकच कंपनी आहे, तुलनेला जागाच नाही. हा माझाच विद्यार्थी. तेव्हाही मागच्या बाकावरून असाच बोलायचा.
पाकिटावर नाव लिहावं लागतं, नाहीतर भलतंच भूत सामान घेऊन जातं. नाव लिहिलं, खाली पत्ता लिहिला, जाळलं. शेजारच्या गाइक-चू वहिनी कुंपणावरून बघत होत्या. ओरडल्या, अहो मास्तर, पत्ता इथलाच घातलात? मग ती पार्सल घ्यायला इथंच यायची की हो!
चूक झाली म्हटलं. खरंच चूकच.
रात्रीच्या जेवणाला दोन वाट्या मांडल्या. तीही चूक.

२२ ऑगस्ट
देवळापुढच्या मांडवात ऑपेरा. पहिली रांग नेहमीप्रमाणे रिकामी, ती वरून आलेल्या पाहुण्यांसाठी. मी दुसऱ्या रांगेत बसलो. समोरच्या लाल खुर्चीला हळू आवाजात ८९ विरुद्ध १३९ हे प्रकरण समजावलं. वेग, भोक, पाल, सगळं. तिला आकड्यांचा कंटाळा. उत्तर आलं नाही, म्हणजे तिचीही हरकत नसावी. कशाला, ते मात्र विचारायचं राहिलं.

३१ ऑगस्ट
नव्या कंपनीनं ऑफर पंधरा सप्टेंबरपर्यंत वाढवली. यांच्या शब्दाला काही किंमत?

३ सप्टेंबर
महिना संपला. काल सगळे परत गेले. आज तीनला दिवा पुन्हा लुकलुकला.
म्हणजे ती गेली नाही. खातं बंद करण्याचा प्रश्नच मिटला. बी-लेंगला काय सांगायचं ते ठरवतो.

६ सप्टेंबर
पावणेचारला लाइन गेली. पाचव्या मिनिटाला दार ठोठावलं. गाइक-चू वहिनी! मास्तर, तुमचा डबा चालू करा की, तिकडे नायिकेनं विषाचा पेला उचललाय आणि चित्रच अडकलंय.
मी विचारलं, तुमच्याकडे माझा पासवर्ड कसा? म्हणाल्या, सॉ-इमनंच दिला, पाच वर्षं झाली. म्हणाली, बघ पोटभर, बिल भरायला म्हातारा आहे. आणि हसल्या. अगदी तिच्यासारखंच म्हणून दाखवलं. मीही हसलो.
मग डबा चालू केला. खुर्ची उचलून जेवणाच्या टेबलाशी ठेवली.
सोमवारी जाणार. आता कारण उरलं नाही.

९ सप्टेंबर, सोमवार
मृत्यूचा दाखला घेऊन गेलो. काउंटरवरची मुलगी नम्र. दाखला वाचून तिनं तो दोन्ही हातांनी परत दिला. मग विचारलं, अंकल, लाइन बंद करायची की तुमच्या नावावर करायची?
बंद हा शब्द घरून घोकून निघालो होतो. तो काही तोंडातून बाहेर येईना. मागे रांग. मी म्हणालो, नावावर करा.
काचेवर बोटानं सही घेतली. सगळं तीन मिनिटांत आटोपलं. मन हलकं वाटतंय. आता लाइन माझीच, कधीही बंद करता येईल. पुढच्या आठवड्यात करू.

१२ सप्टेंबर
बी-लेंगनं कागद मागवून वाचले. कपाळाला हात लावताना ती स्क्रीनवर गोठली. नाव बदललं म्हणजे नवा करार, चोवीस महिने बांधील, आधी सोडल्यास दंड. शिवाय १३९ नाही, आता १५९. जुन्या ग्राहकाची सवलत मॅडमबरोबर गेली.
कंपनीचा संदेश आला: प्रिय श्री. खू, नवीन ग्राहक म्हणून आपलं स्वागत! आमच्याबद्दल आपल्याला कुणाकडून कळलं? पर्याय होते जाहिरात, मित्र, दुकान, नातेवाईक.
नातेवाईक निवडलं. पुढचा संदेश: त्यांचं नाव कळवा, ते आमचे ग्राहक असतील तर त्यांना एक महिना मोफत.
नाव लिहून पाठवलं.
लगेच उत्तर आलं. क्षमस्व, या नावाचं आमच्याकडे कोणी नाही.