‘गुड रनिंग’च्या पुढे

७ जाने.
क्रीडा वसतिगृहाचे फॉर्म आले. तोच रकाना: खेळाडूची चपळाई व डावपेच, इंग्रजीत. मागच्या साली पोर्णिमासाठी मी तिथं दोनच शब्द लिहिले, गुड रनिंग. खो-खोत तिच्यासारखी पोरगी तलमडुगु मंडलात, म्हणजे अख्ख्या तालुक्यात, नाही. तरी निवड यादीत नाव लागलं नाही. वयाच्या अटीत यंदा शेवटची खेप. पी.टी. शिकवायला एवढी वर्षं इंग्रजी लागलं नव्हतं.

८ जाने.
मधल्या सुट्टीत इंग्रजीच्या श्रीनिवास सरांना कच्चं लिहिलेलं दाखवलं. हसले नाहीत, बरं वाटलं.
“बिग स्पीड नहीं मॅडम, हाय स्पीड. मूव्ह डू नहीं करते, मेक करते.”
“क्यूँ?”
“ऐसाच है.”
शब्दांच्या जोड्या वहीत उतरवल्या. क्विक फुटवर्क. शार्प टर्न. पाठ करून राह्यले. पोळी करपली.

१० जाने.
लिहून झालं, पाच ओळी. मैदानावर पोर्णिमाला मराठीत सांगितल्या. पायाची चपळाई, झटक्यात वळण, वगैरे.
म्हणे, “मॅडम, मी पायावर नाई खेळत. पाठीमागं लागलेल्या पोरीचा खांदा पाह्यते. खांदा वळला का तिले मांगं फिरता येत नाई. मंग मी निंगते.”
तीन वर्षं शिकवते तिला. हे मी कधी विचारलंच नव्हतं.

११ जाने.
सरांना खांद्याचं सांगितलं. म्हणाले, “इसको बोलते, रीड्स द गेम.”
जुनं खोडलं. शेवटी दोनच ओळी उरल्या, पण तिच्या.

१८ जाने.
आदिलाबादला निवड चाचणी. निवड करणाऱ्या साहेबांनी आधी पोर्णिमाची उंची मोजली, तोंड वाकडं केलं. मग फॉर्म वाचला. “रीड्स द गेम? कैसे?”
मी म्हटलं, “सर, दौड़ते वक्त इसकी आँखें देखो.”
पहिल्या डावात मोबाइलवर बोलत होते. दुसऱ्यात उठून चुन्याच्या रेषेपाशी आले. पोर्णिमा शेवटपर्यंत बाद झाली नाही. साहेबांनी आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं, काय ते दिसलं नाही.
परतताना बसमध्ये पोर्णिमा म्हणाली, “नाव नाई लागलं तर तुमी लिवलेल्या त्या फॉर्मची झेरॉक्स मले द्यान?”
“काऊन?”
“घरी दाखवाले. माह्यं लगन पाहून राह्यले.”
मला हे माहीत नव्हतं. 

१९ जाने.
यादी सोमवारी. माझ्याजवळ ठेवलेल्या फॉर्मच्या प्रतीची झेरॉक्स आजच काढली, एक तिला, एक तिच्या घरच्यांना. उद्या तिच्या घरी जाते.