टाउनोने मिठाची कॉफी प्यायली

कुओपिओ, नोव्हेंबर

ती. हेल्वीताईस,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? (खरं सांग. 'बरा आहे' हे आपल्याकडे पाय मोडला तरी म्हणतात.) आर्मासभाऊजींचा खोकला गेला का?

गेल्या आठवड्यात आमच्या वाचनालयात एक तरुण मानसशास्त्रज्ञ बाई बोलायला आल्या होत्या. मी गेले होते फुकटच्या दालचिनीच्या पावासाठी, पण ऐकतच बसले. त्या म्हणाल्या, स्वभाव जन्माचाच असतो, कुणी चटकन खट्टू होतं, कुणी होत नाही. पण एकदा रुतलेलं मन ज्याला तिथून काढून दुसरीकडे लावता येत नाही, त्याला उदासी जास्त धरते. शिवाय गप्प बसणं म्हणजे मन आवरणं नव्हे. (यावर सगळे श्रोते गप्प बसून आपापल्या कपात बघू लागले.)

मला वाटायचं, आमच्या घरात उदासीचा धोका मलाच. मी भडकते, रडते आणि कॉफी उकळेपर्यंत हसायलाही लागते. टाउनो मात्र लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झाल्यापासून इतका शांत, की शेजारीण म्हणते, "नशीब काढलंस गं, असा नवरा मिळाला!" पण बाईंचं ऐकल्यापासून माझ्या डोक्यात किडा वळवळला, हा खरंच शांत आहे की याचं मन कुठे रुतलंय? मी त्याच्या कॉफीत चमचाभर मीठ घातलं. प्यायला. कपसुद्धा धुऊन ठेवला. मग त्याची मासेमारीची लाडकी टोपी घालून मी घरभर फिरले. ढिम्म. आणि शनिवारच्या वाफेच्या अंघोळीसाठी त्याने सौना तापवलाच नाही! ताई, आमच्या लग्नाच्या दिवशीही हा माणूस आधी सौना तापवून मग चर्चमध्ये आला होता. का रे, विचारलं तर म्हणाला, "राहू दे."

शेवटी मीच तापवायला गेले. धुराड्याची झडप उघडायची राहिली आणि धूर एवढा झाला, की शेजारीण बादली घेऊन धावली. टाउनो आला, झडप उघडली आणि वरच्या बाकावर जाऊन बसला. मी दगडांवर पाणी टाकत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाला, "पाणी फार कमी टाकतेस." कितीतरी दिवसांनी आलेली पहिली तक्रार! मी तिथेच रडून घेतलं. घामात कळत नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझी धाकटी,
आइरा

ता. क. येत्या शनिवारी भाऊजींना नक्की पाठव. वरच्या बाकावर जास्त वेळ कोण टिकतं, हे टाउनोचं नि त्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही. मुद्दाम हरू नका म्हणावं, त्याला लगेच कळेल.

आणखी एक ता. क. डॉक्टरकडे चल म्हणून मी टाउनोच्या मागे लागले होतेच. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात तो म्हणाला, "मंगळवारी डॉक्टरकडे येतो. पण तिथे तू बोलायचं नाहीस." मी कबूल केलंय. ताई, मन आवरायचं कसं ते बाईंनी सांगितलं. तोंड कसं आवरायचं, ते तेवढं मंगळवारच्या आत कळव.