सक्तीच्या आनंदाचे दिवस

तीर्थस्वरूप मावशीस साष्टांग नमस्कार. (सध्या आठांपैकी एकही अंग जमिनीला टेकत नाही, मध्ये पोट येतं, तरी मनाने पुरती आडवी होऊन केला आहे असं समज.) तुझी तब्येत कशी आहे? डोळ्यांत थेंब घालतेस ना, की बाटली उशाशी ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? इकडे सगळे खुशाल. किती खुशाल, ते सांगायलाच बसले आहे. या घरात सध्या इतकी खुशाली आहे की श्वास घ्यायला खिडकी उघडावी लागते.

झालं असं, की मला दिवस गेल्याचं कळल्यावर तुझ्या जावयाने कुठेतरी वाचलं, आई आनंदी तर बाळ आनंदी. तू त्याला ओळखतेसच. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. कुठली वायर कुठे जाते ते एकदा कळलं की ती जोडल्याशिवाय स्वस्थ बसायचा नाही. त्याने घरभर गुबगुबीत बाळांची चित्रं चिकटवली. पलंगासमोर, फ्रिजवर, एक तर वॉशिंग मशीनच्या डोक्यावर. (ते बाळ माझ्याकडे असं बघतं, जणू मी त्याच्या जागेवर बसले आहे.) भांडण बंद. मी म्हटलं, दूध उतू गेलं, तर म्हणतो, छान. मी म्हटलं, तुझा निळा शर्ट इस्त्रीने जळला, तर म्हणतो, छान, जुनाच होता. सासूबाईंनी त्यांची रडकी मालिका सोडली. सासरे म्हणजे जन्मभर गणित शिकवलेला माणूस. ते रोज सकाळी माझ्यापुढे उभे राहून एक विनोद सांगतात आणि मी हसले नाही तर तो पायरीपायरीने सोडवून दाखवतात. शेवटी उत्तर येतं तेव्हा ते स्वतःच हसतात, आणि त्यांना बरं वाटावं म्हणून मीही हसते.

आता तूच सांग, अशा घरात रडायचं कुठे? कारण मला रडू यायला लागलं होतं. पहिल्यांदा आलं ते मोज्यावरून. बाळासाठी आणलेला मोजा, माझ्या अंगठ्याएवढा, त्याचा जोडीदार सापडेना म्हणून मी रडायला बसले, आणि जोडीदार सापडला तरी थांबता येईना. मग कशावरूनही रडू येऊ लागलं, आणि मग कशावरूनच नाही, नुसतंच. झोप लागेना, जेवण गिळवेना, कशात म्हणून जीव रमेना. बाथरूममध्ये जाऊन बसले तर बाहेरून सासरे विचारणार, बरी आहेस ना गं? मी नळ सोडून ओरडायचे, मजेत! पाण्याची टाकी रिकामी होऊ लागली तेव्हा मी जागा बदलली आणि कामावर रडायला लागले.

तुला वाटेल, गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाईने कामावर रडणं बरं नव्हे. खरं आहे. पण त्या गाडीत बसणंच आता सोपं राहिलेलं नाही. पोट मावावं म्हणून सीट मागे घेतली की माझ्या बाजूच्या ब्रेकला पाय पोचत नाही, आणि सीट पुढे घेतली की बाळ डॅशबोर्डला लाथ मारतं. तशात माझ्या गळ्यात पडल्या आहेत ब्रेककाकू. (हे नाव ड्रायव्हिंग स्कूलने ठेवलं, मी नाही.) यजमान वारले, त्यांची गाडी मागे राहिली, मुलगा म्हणाला विकू, काकू म्हणाल्या शिकू. काकू सगळं उत्तम करतात, फक्त सावली दिसली तरी ब्रेक मारतात. तर त्या दिवशी गोदामांच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर मी त्यांना गाडी मागे घ्यायला शिकवत होते. आरशात बघा, क्लच हळू सोडा, असं म्हणता म्हणता मला हुंदका फुटला. काकूंना वाटलं, कुणीतरी चाकाखाली आलं. करकचून ब्रेक. त्या खाली उतरल्या, वाकून गाडीखाली बघितलं, एक चेपलेली प्लास्टिकची बाटली काढली आणि ती हातात धरून परत येऊन बसल्या.

"माझ्या गाडी चालवण्यामुळे रडतेस?"

"नाही हो."

"मग?"

आणि मावशी, जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्या बाटलीकडे बघत सांगून टाकलं. म्हटलं, बाळ हललं की बायकांना आनंद होतो म्हणतात. मला भीती वाटते. आणि कधीकधी तर काहीच वाटत नाही, शेजारच्या घरात कुणी कपाट सरकवल्यासारखं वाटतं. मी याला आवडेन की नाही ठाऊक नाही, आणि मला हा आवडेल की नाही तेही.

काकूंनी चेपलेली बाटली अंगठ्याने दाबून सरळ केली. मग म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही बाई. मला एकच मुलगा, तोही आता फार जुना झाला." आणि एकदम त्याच रडायला लागल्या. म्हणाल्या, घरी यांच्या गाडीत नुसती जाऊन बसले तरी सीटला यांचा वास येतो. मग आम्ही दोघी रडलो, काचा वर करून, मन लावून. इतक्यात वाहतूक पोलिसाने काचेवर टकटक केलं. पुढे लाल एल लावलेला, आत दोन बायका, एकीच्या हातात बाटली. त्याने जरा आत वाकून, हळू आवाजात विचारलं, "नापास झालात का?"

"दोघी पास आहोत," काकू म्हणाल्या. "तुम्ही जा."

मला उतरवताना (म्हणजे मीच त्यांना उतरवत होते, पण त्या दिवशी असंच वाटलं) त्या म्हणाल्या, मला सांगितलंस ते नवऱ्याला सांग आणि डॉक्टरला सांग. मी घरी गेले. तुझा जावई स्टुलावर चढून नवं बाळ चिकटवत होता. मी म्हटलं, "मला आनंद होत नाहीये."

"छान," तो म्हणाला.

मग त्याचा हात थांबला. तो खाली उतरला आणि जमिनीवरच बसला. मग म्हणाला, "लिफ्ट अडकली की काय करायचं ते मला कळतं. तुझं कळेना, म्हणून चिकटवत होतो." त्यालाही भीती वाटते गं. ती त्याने टेपने सगळ्या भिंतींना लावून ठेवली होती.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, हे पुष्कळ जणींना होतं, यात तुझा दोष नाही, आणि यावर उपाय आहे. तू बोललीस हे फार बरं केलंस. त्यांनी समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्या बाई भल्या आहेत, पण खुर्च्या इतक्या खोल की मला उठता येत नाही, त्यामुळे आमचं बोलणं ठरल्यापेक्षा नेहमी लांबतं. मी अजून रडते, पण आता झोप लागते. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी उठून टीव्ही लावला. म्हणाल्या, माझ्या वेळी मला कुणी विचारलंच नाही. मग आम्ही मालिकेतल्या सुनेच्या नावाने यथेच्छ रडलो, आणि सासरे विनोद अर्धवट सोडून दोघींना एकेक टॉवेल देऊन गेले.

कळावे, लोभ आहेच, तो तसाच असू दे.

तुझी भाची (आणि आतलं माणूस)

ता. क. काळजी करू नकोस, आणि धावत येऊ तर मुळीच नकोस. एवढा प्रवास तुला झेपायचा नाही. इथे माझ्याभोवती माणसंच माणसं आहेत.

आणखी एक ता. क. समुपदेशक बाईंनी परवा विचारलं, तुझ्या आईला तुझ्या वेळी असं झालं होतं का? आई गेली तेव्हा मी एवढीशी. मला फक्त ओले केस सोडून बसलेली तिची पाठ आठवते. त्या दिवसांत तू तिच्याजवळ होतीस. ती रडायची का गं? मी हलले की घाबरायची का? मी तिला आवडायला लागले ते कधी? लगेच आवडले नसेन, तर लगेच नाही असंच सांग.

शेवटचा ता. क. हे सगळं लिहून पाठवू नकोस. पहिला ता. क. खोडायचा राहून गेला. ये.