बंद नाट्यगृहातला कोरस

नंदुरबार, शनिवार

प्रिय मयूरी,

मोलगीत फोन लागत नाही, म्हणून जीपवाल्याकडे हे पत्र देतोय. मी ठीक आहे, वेळेवर जेवतो. चिनूचा खोकला थांबला का?

आमचा संप मिटला. सलाउद्दीनभाई दिवे बांधताना कुजक्या फळीवरून पडून वारले, तेव्हापासून आम्ही सगळे कामगार नाट्यगृहाच्या बंद दारापुढे बसलो होतो. वर जायला लोखंडी जिना हवा, एवढंच मागणं.

परवा दुपारी झाडलोट करणाऱ्या वत्सलाबाईंनी आरतीच्या चालीवर मॅनेजरसाहेबांवर गाणं रचलं:

"फळी मोडू दे, नाटक रंगू दे,
साहेबांची गादी तेवढी मऊ राहू दे!"

हसून हसून पोट दुखलं. समोर उभे असलेले साहेबही हसले.

आम्ही सगळे ते गाऊन थांबलो, तर तीच ओळ आतून ऐकू आली. एकट्याचा आवाज, तालाच्या जरा मागे. सलाउद्दीनभाई तसेच गायचे.

"आतमां कोन शे?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"कोणी नाही. किल्ली माझ्याकडे आहे," म्हणत साहेबांनी कुलूप काढलं. आत कोणीच नव्हतं. वरची उरलेली फळी मात्र हलत होती. साहेब उंबऱ्यातच बसले आणि म्हणाले, "उद्याच जिना लावा."

जिना भक्कम झालाय, काळजी करू नकोस. सोमवारपासून दिव्यांचं काम माझ्याकडे आलंय.

काल जिना बसवून फिटर खाली उतरला आणि मला म्हणाला, "तुमना वरना माणूस भला शे. मांगाना आधी पाना हातमां देस."

आम्ही सगळे खालीच होतो, मयूरी.

आईला यातलं काही सांगू नकोस. चिनूला पापा.

तुझाच,
हेमकांत